गॅस कमी झाला म्हणजे ज्वालामुखी शांत झाला का?

प्रश्न: ज्वालामुखी नेमका कशामुळे फुटतो आणि तो फुटणार हे शास्त्रज्ञांना आधी कसं कळतं? त्यातून गॅस निघायचा कमी झाला की धोका टळला असं समजायचं का?

उत्तर: शेवटचा प्रश्न भारी आहे, पण आधी पहिला उरकू. बऱ्याच जणांना वाटतं की खाली लाव्हा उकळतोय आणि एक दिवस उतू जातो, तसं नाहीये, खरा खेळ गॅसचा आहे. मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) खोलवर असतो तेव्हा प्रचंड दाबामुळे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे सगळं त्यात विरघळलेलं असतं, तो वर सरकला की दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटायला लागतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखं. हवाई बेटांवरच्यासारखा पातळ मॅग्मा असेल तर गॅस निघून जातो आणि लाव्हा नुसता वाहतो. पण त्यात सिलिका (वाळूत असते तीच) जास्त असली की तो इतका चिकट होतो की बुडबुडे आतच अडकतात आणि मग स्फोट. त्या फेसाचा चुरा म्हणजेच राख (जळून झालेली नाही बरं का, काचेची आणि खडकाची भुकटी असते ती).

वर येताना मॅग्मा खडक फोडत येतो म्हणून बारीक बारीक भूकंप होतात, ते सिस्मोमीटर पकडतं. डोंगरही फुगतो. एक किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं तर जेवढा कल येईल तेवढासुद्धा टिल्टमीटरला कळतो! शिवाय जीपीएस आणि रडारवाले उपग्रह आहेतच. तरी १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीची एक बाजू रोज दीडदोन मीटर बाहेर येत होती, सगळे बघत होते, पण १८ मेच्या सकाळच्या रीडिंगमध्ये वेगळं काहीच नव्हतं आणि ८:३२ ला तो उतार कोसळून स्फोट झाला, ५७ माणसं गेली.

आता गॅस. फिलिपिन्समधला पिनाटुबो जवळपास ५०० वर्षं गप्प होता. १९९१ च्या मे महिन्यात विमानातून मोजलं तेव्हा सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टन होता, दोन आठवड्यांत ५००० टनांच्या वर गेला आणि मग एकदम घटला. कोणालाही वाटेल, चला सुटलो. पण शास्त्रज्ञांना उलटी शंका आली की गॅस निघायची वाट बुजली असणार आणि आत दाब साठतोय. हजारो लोकांना हलवलं, १५ जूनला प्रचंड उद्रेक झाला आणि निदान ५००० जीव तरी वाचले असा अंदाज आहे.

म्हणून नुसत्या गॅसच्या आकड्यावर जाऊ नका. गॅस कमी, भूकंप कमी आणि डोंगरही परत खाली बसतोय, तर बहुतेक निवतोय. गॅस कमी पण भूकंप वाढतायत आणि फुगवटाही वाढतोय, तर बूच बसलंय, लांब राहा.