आता मुलाला जवळ घेऊ का?

‘किरणं घरच्यांना बाधतील का?’ थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेले किंवा पेट स्कॅन करून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक हा प्रश्न मला नाशिकमध्ये सतत विचारतात.

सिडकोतल्या एक सासू-सून याचसाठी आल्या होत्या (ओळखीचे तपशील बदलले आहेत). सुनेचं थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, मग मुंबईत आयोडीन. तिथे वेगळ्या खोलीत ठेवून, अंगातून येणारी किरणं मोजून मगच तिला घरी सोडलं होतं. सोबत कागद: अमुक तारखेपर्यंत लहान मुलांपासून लांब राहा, वेगळं झोपा, संडासात दोनदा फ्लश करा.

ती तारीख उलटून पंधरवडा झाला होता. तरी तिचं ताट वेगळं, तांब्याच्या काठाला लाल नेलपॉलिशची खूण. चार वर्षांचा मुलगा खोलीच्या दारातूनच आईशी बोलायचा. सोसायटीची लिफ्टही तिने सोडली होती.

“मावशी, हे तुम्ही सांगितलंत?”

“छे हो ताई! हीच ऐकत नाही.”

मी सुनेला हिशोब सांगायला लागले, तर तिला सगळं पाठ. आयोडीन-१३१ ची किरणं दर ८ दिवसांनी निम्मी होतात. बरंचसं आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे जातं. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाईवर येतो.

“मग आता कोण अडवतंय?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, किरणं गेली असतील. पण कॅन्सर माझ्याच अंगात होता ना. तो त्याला...”

मी विवेकनिष्ठ पद्धतीने समुपदेशन करते, म्हणजे भीतीमागचा विचार पेशंटसोबत तपासून बघते. भीतीला गोंजारायचं नाही, दटावायचंही नाही. तिच्याकडून वाक्य पूर्ण वदवून घ्यायचं. तिने ते पूर्ण केलं: “माझ्यामुळे त्याला कॅन्सर होईल.” मी विचारलं, “कसा?” ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझे सासरे घशाच्या कॅन्सरने गेले. शेवटपर्यंत त्यांच्या ताटातलं उष्टं मी खाल्लंय. मला कुठे काय झालं?”

सून सासूबाईंकडे बघतच राहिली. त्या आठवड्यात मुलगा तिच्या कुशीत झोपला. किरणांच्या भीतीआड आजाराचीच भीती दडलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. नुसते आकडे तिथवर पोचत नाहीत.

मुदतीत पाळायचं ते मात्र काटेकोर पाळा. अंगावर पाजणाऱ्या आईने आयोडीनच्या आधीच डॉक्टरांना सांगायला हवं, कारण त्या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं थांबवावं लागतं. पेट स्कॅनची गोष्ट वेगळी: त्यासाठी टोचलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, लहान मुलांना मांडीवर घेऊ नका. दुसऱ्या दिवशी घर नेहमीसारखं.

आयोडीननंतर डिस्चार्ज घेताना न्यूक्लिअर मेडिसिनच्या (किरणोत्सारी औषधं देणाऱ्या विभागाच्या) डॉक्टरांकडून तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या: बसप्रवास कधी, कामावर कधी, मूल मांडीवर कधी, एका अंथरुणात कधी. डोस आणि मुलाचं वय यांवर त्या ठरतात. कॅलेंडरवर त्या पेशंटने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कुणी लिहाव्यात आणि मुदत संपली की त्यानेच येऊन सांगावं.