अक्षर एक, उच्चार दोन

प्रश्न : माझी नात सात वर्षांची, वाढली न्यू जर्सीत. मराठी छान बोलते, पण ‘चाक’, ‘चूल’, ‘जाड’ यांना ‘च्याक’, ‘च्यूल’, ‘ज्याड’ म्हणते. तिला हा आवाज काढताच येत नाही का? – एक आजी, नाशिक

उत्तर : येतो, आजी. तिला इंग्रजीतलं ‘कॅट्स’ म्हणायला सांगा. शेवटी जो आवाज येतो तोच ‘चाक’मधला च. तिकडे पिझ्झाला ‘पीट्सा’ म्हणतात, त्यातही तोच. अडचण जागेची आहे. इंग्रजीत हा आवाज शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी चालतो, सुरुवातीला नाही. म्हणून बरेच इंग्रजीभाषक ‘त्सुनामी’चं ‘सुनामी’ करतात. आपलंही तसंच आहे. ‘बाळ’ सहज म्हणतो, पण ‘ळाब’ म्हणून बघा. मराठीत ळ कधी शब्दाच्या आरंभी येत नाही.

आधी कान तयार करा. समोर खेळण्यातली गाय ठेवा आणि ‘चार’ म्हणा. संख्येचा ‘चार’ ऐकला तर तिनं बोटं दाखवायची, ‘गाईला चार’मधला ऐकला तर गाईपुढे गवत ठेवायचं. दहापैकी आठ-नऊदा बरोबर येईपर्यंत उच्चाराकडे वळू नका. हा फरक तिला आपोआप ऐकू येईलच असं नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, १०-१२ महिन्यांची मात्र बहुतेक ओळखेनाशी होतात. सरावानं कान पुन्हा उघडतो, पण ‘च्याक नाही, चाक’ असं नुसतं टोकून नाही.

मग ‘कॅट्स’ला लागूनच ‘आक’ म्हणायला लावा : कॅट्साक. पाच-सहा वेळा झालं की ‘कॅ’ मनात, उरलेलं मोठ्यानं. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं हवं; जीभ पसरून टाळूला लागली की ‘च्याक’ होतं. ‘साक’ ऐकू आलं तर तिनं हवा अडवलेलीच नाही, तेव्हा त म्हणताना टेकते तशी जीभ आधी टेकवायला सांगा. रोज पाच मिनिटं, आठवडाभर चाक, चूल, चोर एवढेच शब्द. ज साठी ‘किड्स’चा शेवट घ्या; इंग्रजीत तो खरा ‘ड्झ’ असतो.

प्रश्न : कुठे कोणता च, हे वर्गात कसं सांगावं? – एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : जीभ टाळूला लावून होतो तो (‘च्याक’सारखा) तालव्य, दातांमागे टेकवून होतो तो (‘चाक’मधला) दंततालव्य; ज, झ यांचंही तसंच. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर तालव्य : चिमणी, जीव, जेवण. म्हणून ‘माझा’मधला झ दंततालव्य, तर ‘माझी’, ‘माझ्या’मधला तालव्य. पुस्तकातलं ‘घराचे’ तालव्य वाचतो, पण बोलताना ‘घराचं’ झालं की ए गेला आणि च दंततालव्य झाला. मुलांना हे एकदा मोठ्यानं म्हणायला लावाच, फरक त्यांचा त्यांनाच सापडतो. क्रियापदं मात्र मूळ उच्चार धरून ठेवतात : पोचेल, नाचेल.

अ, आ, उ, ओ पुढे असताना शब्दाचं मूळ बघावं लागतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य (चंद्र, चरण, जल), घरगुती मराठी शब्द बहुधा दंततालव्य. ‘चार’ ही संख्या आणि ‘चहा’ तालव्य आहेत, ते पाठच करावे लागतात. माळेवरचा ‘जप’ तालव्य आणि ‘तब्येत जप’मधला दंततालव्य, ही जोडी फळ्यावर लिहा. छ नेहमी तालव्यच.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा ‘कप’ला ‘तप’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणतो. काळजी करावी का? – एक आई, पणजी

उत्तर : त्याच्या चुकीत नियम आहे : क चा त, ग चा द. जिभेची मागची बाजू उचलायची ती पुढची उचलतो. तुम्ही ‘तप घे’ म्हणून बघा, बहुधा तो चिडेल, कारण कानाला फरक कळतो. हे साधारण साडेतीन-चारपर्यंत सुटतं. र ला त्याहून वेळ लागू शकतो. बोबडं बोलू नका, पुन्हा पुन्हा म्हणूनही घेऊ नका. ‘कप हवा? हा घे कप,’ एवढं पुरे. चार वर्षांनंतरही तसंच राहिलं, किंवा पाठीमागून हळू हाक मारल्यावर तो वळत नसेल, तर आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या, मग स्पीच थेरपिस्टकडे जा.