देवी फातर्प्याला, नाव कुंकळ्ळीचं

प्रश्न : आमची कुलदेवता शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. मेमध्ये ओटी भरायला गोव्याला निघालोय. देऊळ फातर्प्यात, मग नाव कुंकळ्ळीचं कसं? सासरे म्हणायचे, ‘आपल्या लोकांनी पाद्री मारले होते.’ नववीतली लेक खोदून खोदून विचारते. काय सांगू?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, सासरे खरंच सांगत होते, पण अर्धं. इथे नाशिकला शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा मी ही हकिगत पुरी सांगायचो, पुस्तकात नसली तरी.

देवी मूळची कुंकळ्ळीचीच. १५४३ मध्ये साष्टी (मुंबईजवळची नव्हे, कुंकळ्ळी ज्यात येते तो गोव्यातला तालुका) पोर्तुगीजांकडे गेली, १५६७ मध्ये तिथली देवळं सरसकट पाडली. त्या धामधुमीत देवी हद्दीबाहेर फातर्प्याला नेली. कुंकळ्ळी, असोळणा, वेळ्ळी अशा गावांनी शेतसारा देणंच बंद केलं, तेव्हा फौजेनं गावं जाळली.

१५ जुलै १५८३ ला जेझुइट या कॅथलिक संघाचे पाच पाद्री कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा बघायला आले. त्यांतले रुदोल्फो आक्वाविवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतलेले. पिएत्रो बेर्नो मात्र आधीच्या फौजेसोबत देवळं मोडत फिरलेले. गावानं पाचही जणांना कापलं. त्यांच्याबरोबरचे नवे ख्रिस्तीही मारले गेले. साष्टीचीच माणसं ती, कोंकणी बोलणारी! घराघरांत ही गोष्ट सांगताना त्यांना वगळतात. तुम्ही वगळू नका. गावाचा संताप मला पुरता कळतो, या नव्या ख्रिस्त्यांना मारणं पटत नाही.

पुढचं तर त्याहून काळं. बोलणी करायची म्हणून पोर्तुगीजांनी गावाच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि पंधरा जणांना तिथेच ठार केलं. एकानं नदीत उडी टाकली, तो कारवारकडे निसटला. पाहुणा म्हणून बोलावून गळा कापणं, याला कुठल्याच धर्मात माफी नसावी. पाच पाद्र्यांना पोपनी १८९३ मध्ये ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) ठरवलं. नायकांचं स्मारक उभं राहायला २००३ उजाडलं.

जमल्यास मे सोडून फाल्गुनात जा. तेव्हा देवी वाजतगाजत कुंकळ्ळीला येते, सोबत बारा वांगडांच्या, म्हणजे गावातल्या मूळ कुळांच्या, बारा छत्र्या, अकरा तांबड्या नि एक पांढरी. गुलालात ख्रिस्ती झालेली घराणीही असतात. तुमचं घर कुठल्या वांगडातलं, ते निघण्याआधी चुलत सासऱ्यांना नाहीतर भावकीतल्या कुणा जुन्या माणसाला विचारून ठेवा. लेक तिथे पहिलं तेच विचारेल.