फुकटातला गेम घेताय? आधी त्याचं दुकान बघा

मोबाईलवरच्या पानाला या खेपेला बरीचशी पत्रं गेमचीच आली, त्यातली सहा घेतलीत. रम्मी-बिम्मीवाल्यांना एकच उत्तर खाली दिलंय, बाकी सगळं डोकं लावायच्या फुकट गेमबद्दल.

प्रश्न : माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा डोकं लावायचा एखादा गेम खेळावा म्हणायलोय, पण पैसे भरायचे नाहीत. इन्स्टावर एक जाहिरात सारखी लागायली, राजा खड्ड्यात अडकलाय आन् पिन ओढून त्याला सोडवायचं. डाऊनलोड केला तर आत भलतंच, लाकूड तोडा, गाव बांधा, सैन्य करा. एक मित्र म्हणतो क्लॅश ऑफ क्लॅन्स घे, दुसरा म्हणतो ते जुनं झालं. कोणता घेऊ? – एक दुकानदार, औसा

उत्तर : तुमचा राजा काय खड्ड्यातून निघायचा नाही, तो गेममध्ये नसतोच, किंवा असला तर कुठंतरी कोपऱ्यात चार लेव्हल टाकलेल्या असतात. देवगिरीच्या वेढ्याची गोष्ट आपल्याकडं सांगतात ना, कोठारात धान्य म्हणून भरून ठेवलेली पोती फोडली तर मीठ निघालं, तसल्या ह्या जाहिराती. हा प्रकार इतका बोकाळला की ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं 2020 साली होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या असल्या पिनवाल्या जाहिराती फसव्या ठरवून पुन्हा दाखवायला मनाई केली. ते कोडी सोडवायचे गेम होते, पण पिनची तीच युक्ती राज्य बांधायच्या गेमवाल्यांनीही उचलली. म्हणून जाहिरात बघून गेम घ्यायचाच नाही, यूट्यूबवर जाऊन लोकांनी टाकलेले खेळतानाचे व्हिडिओ बघायचे.

दुसरं म्हणजे गेम चांगला का वाईट हे ठरवायच्या आधी त्याचं दुकान बघा. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर ‘या गेमबद्दल’ उघडलं की खाली ॲपमधल्या खरेदीची किंमत लिहिलेली असते, एक वस्तू कितीपासून कितीपर्यंत. वरचा आकडा आठ-दहा हजारांच्या घरात असला तर समजायचं की हा गेम पैसे भरणाऱ्या थोड्या लोकांसाठी बनवलाय, आपण तिथं त्यांना हरवायला माणसं पाहिजेत म्हणून आहोत. मग गेम टाकून पहिल्याच दिवशी आतलं दुकान उघडायचं. नुसते कपडे, रंग, सजावट विकत असतील तर आपल्याला काही फरक पडत नाही. महिन्याचा पास असेल तरी एकवेळ ठीक. पण वेळ कमी करायचे स्पीडअप, सैन्य, हिरो, आणि वर व्हीआयपी लेव्हल, म्हणजे जितके पैसे घालाल तितकी ताकद जास्त, असं दिसलं की डिलीट. तिथं डोकं चालवून जिंकता येत नाही असं नाही, पण समोरचा कार्ड घासत असला की तुमचं डोकं कुठवर पुरणार.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि दुकानदाराला तीच महत्त्वाची : फोन खाली ठेवला की काय होतं? लॉर्ड्स मोबाईल, एव्होनी असल्या गेममध्ये नकाशावर तुमचं शहर सगळ्यांना दिसतं, शिल्ड, म्हणजे हल्ल्यापासूनचं ठराविक वेळेचं संरक्षण, संपली आणि तुम्ही गिऱ्हाइकाला युरिया देत बसलात तेवढ्यात कुणीतरी हल्ला करून जातो, जखमी सैन्य हॉस्पिटलात जातं आणि हॉस्पिटल भरलं की पुढचे मेलेच, महिनाभराची मेहनत एका दुपारी साफ. क्लॅश ऑफ क्लॅन्सात तसं नाही, हल्ला झाला तरी घरं-भिंती आपोआप परत उभ्या राहतात, गेलं तर थोडं सोनं-इलिक्सर जातं. तो गेम फिनलंडच्या सुपरसेलचा, 2012 साली आलेला, म्हणून तुमचा दुसरा मित्र जुना म्हणतो ते खरंय, पण जुना असल्यानं त्याचे चटके कमी झालेत. आधी हल्ल्याला सैन्य तयार व्हायची वाट बघत बसावं लागायचं, मार्च 2025 मध्ये तो वेळ काढूनच टाकला. पैसे न घालता खेळायचं तर एकच पथ्य, सुरुवातीला जे हिरवे जेम्स मिळतात ते गेम तुम्हाला बांधकाम लवकर उरकायला खर्च करायला लावतो, करायचे नाहीत. पाचशे जेम्स धरून तिसरा बिल्डर, म्हणजे बांधकाम करणारा गडी, घ्या, पुढं हजाराला चौथा आणि दोन हजाराला पाचवा. गावात उगवलेली झाडं-झुडपं-दगड काढत राहिलं की जेम्स मिळत राहतात, हळूहळू मिळतात पण फुकट मिळतात. बिल्डर पाच झाले की अर्धं दुकान तुमच्यासाठी बंद झालं असं समजा.

तरीपण तुम्हाला मी क्लॅश पहिला सांगणार नाही. कारण हल्ला तीन मिनिटांचा असतो आणि तो मधी थांबवता येत नाही, गिऱ्हाईक नेमकं दुसऱ्या मिनिटाला येतं. तुम्ही बॅटल ऑफ पॉलिटोपिया घ्या. स्वीडनच्या मिडजिवान नावाच्या छोट्या कंपनीचा, 2016 चा गेम. पाळीपाळीनं खेळायचा, बुद्धिबळासारखा, तुम्ही चाल केली नाही तर कॉम्प्युटर गप बसून राहतो, तासानं आलात तरी तसाच. चार टोळ्या फुकट आहेत, बाकीच्या एकदाच पैसे देऊन घ्यायच्या, स्पीडअप नाही, व्हीआयपी नाही. परफेक्शन म्हणून एक प्रकार आहे त्यात बरोबर तीस पाळ्यांत डाव संपतो, दुपारच्या वेळेत बसतो. फुकटातली बार्दूर घेऊन बघा, जंगल आणि जनावरं जवळ असल्यानं गाव लवकर वाढतं, नवख्याला सोपी जाते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीला आहे. त्याच्या पप्पांच्या फोनवरून त्यानं गेममध्ये पैसे घातले, तीन-चार वेळा मिळून बरीच रक्कम गेली. पप्पा चिडलेत, फोनच हिसकावून घेतलाय. पैसे परत मिळतेत का? – एक आई, सेलू

उत्तर : ताई, पहिल्यांदा तारीख बघा. गुगल प्लेवरून झालेल्या खरेदीला 48 तास झाले नसतील तर प्ले स्टोअरच्या वेबसाईटवर ऑर्डरच्या यादीत जाऊन रिफंड मागता येतो, घरातल्या कुणी चुकून केली असं कारणही तिथं निवडता येतं. 48 तास उलटून गेले असतील तर गेम बनवणाऱ्या कंपनीला गेममधूनच लिहा, देतीलच असं नाही, पण लिहा. फक्त एक करू नका, गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिथं भामटे बसलेलेत, रिफंड देतो म्हणून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि उरलेलं खातं पण मोकळं करतात. तसं काही झालंच तर लगेच 1930 ला फोन करायचा.

आता पुढचं. यूपीआयनं पैसे गेले असतील तर ते सहसा पिन टाकल्याशिवाय जात नाहीत, म्हणजे पोराला पिन माहिती असणार. किराणा आणायला आपणच सांगितलेला असतो. पिन बदला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दरवेळी खरेदीला पासवर्ड नाहीतर बोट मागायची सोय आहे, ती चालू करा. पोराच्या हातात वेगळा फोन असेल तर गुगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप लावा, मग तो काहीही विकत घ्यायला गेला की परवानगीसाठी तुमच्या फोनवर येतं. आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची, म्हणजे आपोआप कटणाऱ्या पैशांची, यादी उघडून बघा, तिथं गेमच्या नावानं काही चालू असेल तर बंद करा, कारण नुसता गेम काढून टाकल्यानं महिन्याचं सबस्क्रिप्शन थांबत नाही, पैसे कटतच राहतात.

फोन हिसकावल्यानं आजचा राग शांत होईल, पण त्यानं कशापायी पैसे घातले ते एकदा त्याच्याशेजारी बसून बघा. बऱ्याचदा पेटी उघडायची असते, आत काय निघेल ते माहीत नसतं, हवं ते निघालं नाही की परत एक. बेल्जियमनं 2018 साली पैसे देऊन उघडायच्या असल्या पेट्या जुगारात धरल्या. आठवीतल्या लेकराला पेटीचं गणित कळतं हो, एका पेटीत ती वस्तू निघायची टक्केवारी बहुतेक गेममध्ये बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती त्यालाच वाचायला लावा आणि किती पेट्या लागतील ते वहीवर काढायला सांगा.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे, रूमवर वायफाय नाही, गावाकडं गेलो की लाईट पण नसते आन् टॉवर पण. फोन 3 जीबी रॅमचा. ऑफलाईन चालणारा, जाहिराती नसणारा स्ट्रॅटेजी गेम खरंच असतो का? – विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : असतो. युनसिव्ह टाक. कॉम्प्युटरवरच्या सिव्हिलायझेशन 5 या गेमच्या धर्तीवर हौशी लोकांनी मिळून बनवलेला ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला गेम, जाहिरात नाही, दुकान नाही, नेट लागत नाही, साईज पण किरकोळ. दिसायला एकदम साधा, षटकोनी घरांचा नकाशा आणि त्यावर चित्रं, मित्राला दाखवलास तर हसेल. पण आत खोल आहे. एक शहर वसवून सुरुवात होते, मग नदीकाठी दुसरं वसवायचं का डोंगराआड, आधी मातीची भांडी शिकायची का धनुष्य, शेजारच्या राज्याशी गोडीगुलाबीनं राहायचं का त्याच्या सीमेवर सैन्य नेऊन ठेवायचं, सगळं तूच ठरवायचं. फक्त एक डाव लई लांबतो आणि ‘एवढी एक पाळी’ करत पहाट होती, परीक्षेच्या आठवड्यात उघडू नको.

त्यापेक्षा हातघाईचं काही पाहिजे असेल तर मिंडस्ट्री, तो पण ओपन सोर्स. खाणीतून तांबं काढायचं, पट्ट्यावरून तोफांपर्यंत पोचवायचं आणि लाटेनं येणारे शत्रू अडवायचे. लहान स्क्रीनवर बोटाखाली बटणं दबतात हा त्याचा वैताग आहे. आणि नेट असेल तेव्हा बुद्धिबळाचं लिचेस, 2010 पासून लोकांच्या देणगीवर चाललंय, जाहिरात नाही, सगळं फुकट. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 ला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून रूमवर बुद्धिबळाला नावं ठेवणारे पण गप झालेत.

बाकी कुठलाही गेम ‘ऑफलाईन’ म्हणून दिसला तर डाऊनलोड झाल्यावर फोन फ्लाईट मोडवर टाकून उघडून बघायचा. निम्मे तिथंच अडतात.

प्रश्न : जालन्यात स्टील कंपनीत शिफ्टला आहे. एका गेममध्ये आमचं अलायन्स, म्हणजे खेळाडूंचा गट, आहे, बाहेरदेशचे लोक जास्त. आर-फाईव्ह, म्हणजे गटाचा म्होरक्या, रोज मेसेज टाकतो, पाच मिनिट आधी ऑनलाईन या, पैसे भरून पॅक घ्या, नाहीतर काढून टाकतो. दोन वर्षांत बरेच पैसे घातलेत म्हणून सोडवत नाही. – वाचक, जालना

उत्तर : घातलेले पैसे गेलेत. तुम्ही राहिलात तरी गेलेत, सोडलं तरी गेलेत, त्यामुळं ते हिशोबातून काढा आणि फक्त पुढच्या महिन्याचा विचार करा. बहुतेक असल्या गेमचा दिवस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनं बदलतो, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच, आणि लढाया दुसऱ्या देशातल्या लोकांच्या संध्याकाळी ठेवतात, आपल्याकडं तेव्हा मध्यरात्र. नाईट करून आलेला माणूस ह्यात कुठं बसतो? आणि राज्य तुमच्या नावावर असलं तरी ते तुमचं नसतं. 2020 च्या जूनमध्ये क्लॅश ऑफ किंग्ज आणि सप्टेंबरमध्ये राईज ऑफ किंगडम्स सरकारनं आयटी कायद्याच्या 69-अ कलमाखाली बंद केले, तेव्हा हजारो घातलेल्यांना पण कुणी विचारलं नाही.

आधी आर-फाईव्हला सरळ लिहा की मी शिफ्टला असतो, पॅक घेणार नाही, ठेवायचं तर ठेवा. काढलं तर काढलं. दोस्तीखातर खेळायचंच असेल तर आपल्या लोकांचा क्लॅशचा क्लॅन, म्हणजे तिथला गट, बघा. तिथं वॉरला एक दिवस तयारी आणि एक दिवस लढाई असते, त्या चोवीस तासांत दोन हल्ले कधीपण करा, जेवणाच्या सुट्टीत केले तरी चालतात, आणि प्रोफाईलमध्ये ‘वॉरला नाही’ असं ठेवायची सोय आहे. नाईटच्या आठवड्यात ते लाल करून ठेवायचं.

प्रश्न : ऑनलाईन गेमवर बंदी आली म्हणतेत, मग क्लॅश पण बंद होणार का? – वाचक, बीड

उत्तर : नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जो ऑनलाईन गेमिंगचा कायदा झाला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे, रम्मी, पोकर, पैशांची फँटसी टीम वगैरे. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे गेम त्यात वेगळे काढलेत. जेम्स विकत घेतल्यानं तुम्हाला रोख काही परत मिळत नाही, त्यामुळं क्लॅश त्या बंदीत येत नाही. टेलिग्रामवर अजूनही कुणी रम्मीची लिंक पाठवत असेल तर ब्लॉक करा.

प्रश्न : मोबाईल बदलायलोय, जुन्यातलं क्लॅशचं गाव नव्यात येईल का? एकजण मोठं गाव पंधराशेत विकायला पण तयार आहे, घेऊ का? – वाचक, नांदेड

उत्तर : येईल, पण जुना फोन द्यायच्या आधी गेमच्या सेटिंगमध्ये सुपरसेल आयडी बनवून घ्या. ईमेल टाकायचा, त्यावर आकडी कोड येतो, तो भरला की झालं. नव्या फोनवर तोच ईमेल, तोच कोडाचा प्रकार. ईमेल असा द्या की जो तुम्हाला स्वतःला उघडता येतो, दुकानवाल्यानं फोन चालू करताना बनवून दिलेला नको, त्याचा पासवर्ड नंतर कुणालाच आठवत नाही.

विकतचं गाव घेऊ नका. खात्याची खरेदी-विक्री कंपनीच्या नियमात बसत नाही, कळलं तर कायमचं बंद करतात. आणि विकणारा महिन्याभरानं कंपनीला ‘माझं खातं हरवलं’ म्हणून लिहितो, जुन्या पावत्या त्याच्याकडंच असतात, गाव परत त्याला मिळतं आणि तो ते पुढच्या माणसाला पंधराशेत विकतो.