नव्या सुनांसाठी गटाचं दार

प्रश्न : आमचा बचत गट आठ वर्षांचा आहे. बाराजणी आहोत, बचत महिना शंभर रुपये. गावातल्या सुनांना 'या' म्हटलं की 'बघू' म्हणतात. दोघी तयार झाल्या, तर आमच्यातल्याच काहीजणी अडून बसल्या : आधी आमच्याएवढे पैसे भरा, मग या. आताच्या मुलींना गटात रसच नाही का?
(गटाच्या सचिव, जि. सातारा)

उत्तर : ताई, दोघी तयार झाल्या म्हणजे रस आहे. अडलंय ते पैशावर, आणि तो हिशेब वहीतूनच सुटतो. जुन्या सदस्यांची भीती खोटी नाही. आठ वर्षांचं व्याज साठलंय, त्यात कालची आलेली वाटेकरी का व्हावी? पण त्यासाठी नव्या सुनेकडून एकरकमी दहा-बारा हजार मागितले, तर ती कशाला येईल?

३१ मार्चला हिशेब बंद करा. उदाहरण घ्या. हातातली रोकड १,४००, बँकेत ४६,६००, सदस्यांकडे अंतर्गत कर्जाची बाकी १,९०,०००, एकूण २,३८,०००. यातून बँकेच्या कर्जाची बाकी ६९,४०० आणि फिरता निधी (सरकारी योजनेतून गटाला मिळालेली रक्कम) १५,००० वजा करा. उरले १,५३,६००. बाराजणींची ९६ महिन्यांची बचत १,१५,२००. वरचे ३८,४०० हा नफा, म्हणजे प्रत्येकीचे ३,२००. तेवढेच जुन्या सदस्यांना वाटा. बचत तशीच राहू द्या.

इथे तीन चुका हमखास होतात. फिरता निधी नफ्यात धरून वाटला जातो. तो गटाला मिळालेला आहे, कुणा एकीचा नाही, त्याला हात लावायचा नाही. दुसरी चूक, वर्षभर हप्ता न आलेलं कर्जही येणारच म्हणून धरलं जातं. अशी थकबाकी बाजूला काढून मगच नफा काढा, नाहीतर हातात न आलेल्या पैशाची वाटणी होते. तिसरी, सगळी वाटणी रोखीनं केली जाते आणि गटाकडे कर्ज द्यायला काही उरत नाही. वरच्या उदाहरणात ४८,००० मधले ३८,४०० वाटले, तर हाती ९,६०० राहतात. म्हणून जिच्याकडे कर्ज आहे, तिचा वाटा तिच्या मुद्दलात जमा करा.

एप्रिलपासून नवीनं शंभर रुपयांनीच सुरुवात करायची. पुढच्या मार्चला नफा माणशी सारखा वाटू नका. प्रत्येकीच्या बचतीच्या महिनाअखेरच्या शिल्लका घ्या आणि बारा महिन्यांची बेरीज करा. नवीची बेरीज ७,८०० येते, जुनीची १,२३,०००. बारा जुन्या आणि दोन नव्या मिळून १४,९१,६००. नफा १४,९१६ रुपये झाला, तर जुनीला १,२३० आणि नवीला ७८. हा तक्ता बैठकीत फळ्यावर लिहून दाखवा. बोलून पटत नाही ते आकडे पाहिल्यावर पटतं.

बँकेचं कर्ज अंगावर असताना नवीला घेतलंत, तर त्या कर्जाची जबाबदारी तिच्यावर नाही, असा ठराव इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि बँकेलाही कळवा. त्याहून बरं म्हणजे ते कर्ज फिटल्यावर, पुढचा अर्ज करण्याआधी तिला घ्या. दुसरीनं उचललेल्या कर्जाच्या धास्तीनं सासरचे तिला सोडत नाहीत, हे आपण समजून घ्यायला हवं.

आणि बैठकीची वेळ? दुपारी दोनला बैठक ठेवली, तर सून येणार कशी? ती तेव्हा शेतावर, शिलाईवर किंवा मुलाच्या शाळेच्या वाटेवर असते. नव्या सदस्यांना विचारून वेळ ठरवा. मग तारीख-वेळ वर्षभर बदलू नका.

प्रश्न : घरी येऊन कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांकडे तरुण बायका जातात. गटात व्याज कमी असूनही असं का?
(एक वाचक, जि. अहिल्यानगर)

उत्तर : कारण गरज महिन्याच्या दहा तारखेची वाट पाहत नाही. मूल आजारी पडलं की तीन हजार आज लागतात, आणि आपली बैठक पंधरा दिवसांनी. पाच हजारांपर्यंतचं अडीनडीचं कर्ज दोघी पदाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी मंजूर करावं आणि पुढच्या बैठकीत ते कायम करावं, असा ठराव करा. नव्या सदस्याला सहा महिने कर्ज नाही, हा नियमही सोडा. दुसऱ्या महिन्यापासून दोन हजारांपर्यंत द्या.

व्याज खरंच कमी आहे का, तेही तपासा. शेकडा दोन रुपये महिना, दहा हजार, दहा हप्ते : उतरत्या बाकीवर व्याज १,१०० होतं. पण काही गट शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच दोनशे घेतात, म्हणजे २,०००. जवळपास दुप्पट! हिशेब लिहिणाऱ्या ताईला पाटी-पेन्सिल घेऊन हे करून दाखवायला सांगा. आणि हप्त्याची तारीख दुधाच्या बिलाच्या मागेपुढे ठेवलीत, तर बऱ्याच थकबाक्या आपोआप टळतात.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात हळदीकुंकू आणि सहल सोडून काही होत नाही. नव्या बायका कशा येतील?
(मंडळाच्या अध्यक्षा, जि. रत्नागिरी)

उत्तर : आधी यादी पाहा : गावातल्या विधवांना बोलावणं जातं का? जात नसेल, तर गावातल्या कितीतरी बायकांना आपणच दारातून परत पाठवतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानंही ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. मंडळानं वाण सगळ्यांना द्यावं, हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ समारंभ म्हणावं, इतकी सोपी सुरुवात आहे.

दुसरं काम म्हणजे महिला सभा. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यायची असते, पण पुष्कळदा कागदावरच उरकते. मंडळानं आठवडाभर आधी वाडीवाडीत जाऊन प्रत्येक वाडीचा एकच मुद्दा लिहून आणावा : अमुक विहिरीचा पंप, तमुक वळणावरचा दिवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी द्यावा, पोच घ्यावी, ग्रामसभेत वाचून दाखवावा. दिवा लागला की त्या वाडीतल्या बायका पुढच्या वेळी स्वतःहून येतात. दहा मागण्या एकदम देऊ नका, एकही तडीस जात नाही.

प्रश्न : गटात वीसजणी आहेत, आणखी चौघींना यायचंय.
(एक सदस्य, जि. यवतमाळ)

उत्तर : एका गटात वीसच. चौघींना आणखी सहाजणी शोधायला मदत करा आणि दहाजणींचा नवा गट करा. पहिले तीन महिने तुमच्यातली एक जाणती ताई त्यांची वही लिहायला बसू द्या. लिहायचं मात्र त्यांच्यातलीनंच, ताईनं फक्त शेजारी बसायचं.