गवती चहाच्या तेलाची टाकी: तांबं, स्टील की लोखंड?

भाऊ, दर्यापूरकडं दोन एकर गवती चहा आहे, गवत वाफेवर उकळून तेल काढायची, एका घाण्याला 500 किलो गवत मावेल अशी टाकी करायची आहे, तांबं घ्यावं की स्टील, असं तुम्ही विचारलं. धातूच्या आधी पाणी पाहा. तुमचं वावर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात आहे. बोअरचं पाणी उकळलं की वाफ जाते, क्षार तळाशी राहतात आणि दर घाण्याला (गवताच्या प्रत्येक खेपेला) वाढतात. त्यातलं क्लोराइड गरम 304 स्टीललाही (304 हा स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड) बारीक छिद्रं पाडतं, वेल्डिंगच्या कडेला तडे पाडतं. म्हणून हौदात साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. तेल वेगळं झाल्यावर उरलेलं पाणीही परत टाकीत घाला, त्यात विरघळलेलं थोडं तेलही हाती येतं.

एवढं पाळणार असाल तर पूर्ण टाकी 304 ची करा. तांबं उष्णता पटकन नेतं हे खरं, पण इथं अडसर पत्र्याचा नसतो, बाहेरच्या काजळीचा आणि आतल्या क्षारांच्या थराचा असतो. शिवाय तांब्यानं तेलाला हिरवट झाक येऊ शकते. पैसे कमी पडत असतील तर फक्त टाकी 5–6 मिमी लोखंडी चालेल. झाकण, वाफेची नळी, कंडेन्सर (वाफ थंड करून पाणी-तेल करणारा भाग) आणि तेल साठायचं भांडं मात्र 304 चंच हवं, कारण थंड झालेलं तेल लोखंडाला लागलं की काळपटतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) नको, जस्त सुटतं.

बाजारात 304 सांगून 202 हा हलका ग्रेड देतात. चुंबकानं हा फरक कळत नाही, 202 लाही तो चिकटत नाही. टेस्टिंग लिक्विडचा (स्टीलचा ग्रेड तपासायच्या रसायनाचा) थेंब टाकून पाहा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. वेल्डिंग 304 ला जुळणाऱ्या 308एल ग्रेडच्या तारेनं करायला सांगा. लोखंडावर चाललेली ग्राइंडरची चकती स्टीलवर लावू देऊ नका, तिथूनच गंज सुरू होतो.

झाकणाला साधं रबर लावू नका. तेलानं ते फुगतं, वास तेलात उतरतो. टेफ्लॉनची पट्टी घ्या. आणि टाकी ते कंडेन्सर या वाटेवर कुठंही वॉल्व्ह बसवू नका. चुकून बंद राहिला आणि खाली पऱ्हाट्या पेटलेल्या असल्या, तर टाकी फुटते.

500 किलो हिरव्या गवताला साधारण 2 ते 2.5 घनमीटर जागा लागते, तेल 2 ते 3 किलो निघतं. कंडेन्सरमधून येणारं पाणी हाताला कोमटच लागलं पाहिजे. चटका बसत असेल तर तेल वाफेबरोबर उडून जातंय, तेव्हा आधी जाळ कमी करा.