चामखीळ समजून तिळाला औषध लावलं, आता कॅन्सर होईल का?

भांडुपचे ४८ वर्षांचे गृहस्थ, सोबत बारावीतली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलीच्या बोटावरची चामखीळ मेडिकलमधून आणलेल्या ॲसिडच्या औषधाने दोनेक महिन्यांत गेली. बाटलीत औषध उरलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून बाबांनी स्वतःच्या मानेवरच्या लोंबत्या चामखिळींना लावलं आणि गालावरच्या जुन्या उंचवट्यालाही. मान भाजली. गालावर खपली धरली, ती पडली, आणि काही आठवड्यांनी त्याच व्रणात वेडावाकडा काळा ठिपका उगवला.

"मॅडम, तिळाला छेडलं की कॅन्सर होतो म्हणतात. खरं का?"

हा प्रश्न जवळजवळ रोजचा. साधा तीळ खरवडला, कापला, जाळला म्हणून त्याचा कॅन्सर होत नाही. भीती बाळगायची ती वेगळ्याच गोष्टीची: जे जाळलं ते मुळात साधं होतं का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. जाळल्यावर तपासायला तुकडाही उरत नाही. म्हणून औषधाचं बोलणं बाजूला ठेवून आधी प्रत्येक उंचवट्याची वेगवेगळी चौकशी केली.

गालावरचा कधीपासून आहे? "कायमचाच." अशा उत्तरावर विसंबायचं नसतं. जुने फोटो मागवले. लग्नाच्या अल्बममध्ये गालावर तीळ स्पष्ट दिसत होता, आकारही जवळपास तेवढाच. मऊ होता, त्यातून एक-दोन केस यायचे, दाढी करताना कधीतरी कापला जायचा. म्हणजे मस, उंच झालेला तीळ. औषधाने त्याचा वरचा थर गेला, खोलवरच्या रंगपेशी तशाच राहिल्या आणि व्रणातून पुन्हा रंग धरू लागल्या. असा परतलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा कॅन्सरचा भास करून देऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी तो व्रणासकट काढून बायोप्सीला पाठवला तेव्हा फॉर्मवर 'आधी ॲसिड लावले होते' ही ओळ आवर्जून लिहिली. ही ओळ सांगायची राहिली तर पॅथॉलॉजिस्टची दिशाभूल होते. रिपोर्ट साध्या तिळाचा आला.

मानेवरच्या चामखिळी खऱ्या, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या, नव्हत्याच. मऊ, कातडीच्याच रंगाच्या, बारीक देठाच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. मान, काख, जांघ, जिथे घर्षण तिथे त्या येतात. त्यांना ॲसिड लावलं की देठाभोवतीची चांगली कातडीच आधी भाजते. मुंबईच्या घामात आणि कॉलरच्या घासण्यात ती जखम चिघळते. घोड्याचा केस किंवा दोरा बांधण्याचीही तीच गत: सूज, पू आणि वर काळा डाग. बधिर करणारं क्रीम तासभर लावून कात्रीने किंवा कॉटरीने (विजेच्या चटक्याने) त्या एका बैठकीत निघतात. पण आमची नजर गेली ती मानेच्या घड्यांमधल्या काळ्या, मखमली कातडीकडे. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की साखर तपासायचीच. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यांच्या दृष्टीने खरं महत्त्वाचं निदान हेच होतं, आणि ते यासाठी आलेच नव्हते.

मग मोजे काढायला लावले. टाचेवर कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपाची औषधी पट्टी. "ते काही नाही, कुरूप आहे." कॅप काढून वरची जाड कातडी हलकेच तासल्यावर आत बारीक काळे ठिपके दिसले. त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या. कातडीवरच्या रेषा कुरुपात सलग जातात, इथे त्या कडेला तुटल्या होत्या. आणि सरळ दाबण्यापेक्षा दोन बाजूंनी चिमटल्यावर ते जास्त कळवळले. ही खरी चामखीळ, एचपीव्ही विषाणूची. बाप-लेकीचा बाथरूम एक, टाच घासायचा दगडही एकच. कुणाकडून कुणाला गेली हे सांगता येत नाही, कारण लागण झाल्यावर ती दिसायला कित्येक महिने लागू शकतात.

म्हणजे बाटलीतलं औषध जिथे शोभलं असतं, नेमकी तीच जागा सुटली होती. सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिडचं (प्रत्येकी १६.७ टक्के) हे द्रावण बोटांवरच्या आणि तळव्यावरच्या चामखिळींसाठी असतं. रात्री ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचं, पुसायचं, पांढरी मेलेली कातडी घासायची, भोवती व्हॅसलिन लावायचं आणि मधोमध एक थेंब. १२ आठवडे धीर धरावा लागतो. बहुतेक जण दोन आठवड्यांत कंटाळतात. घासायचा कागद एकदा वापरून फेकायचा. चेहरा, मान आणि गुप्तांगावर हे औषध नाही. मधुमेहींनी पायावर घरच्या घरी लावू नये. यांची साखर पाहता डॉक्टरांनी टाचेसाठी द्रव नायट्रोजनने गोठवण्याचा उपाय निवडला, दर तीन आठवड्यांनी.

आईच्या कपाळावर मेणाचे थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी डाग आहेत, तेही दाखवू का, असं मुलीने निघताना विचारलं. चाळिशी-पन्नाशीनंतर येणारे असे डाग बहुधा निरुपद्रवी असतात, पण बहुधा म्हणजे दाखवूनच. न थांबता दाखवायचं ते असं: जे वाढतंय, ज्याचे दोन अर्धे जुळत नाहीत, ज्यात दोन-तीन रंग आहेत, जे ६ मिलिमीटरपेक्षा मोठं आहे, किंवा ज्यातून रक्त येऊन जखम महिनाभर भरत नाही. आपल्याकडे तळवा, तळहात आणि नखाखालची नवी काळी रेघ विशेष पाहावी, कारण सावळ्या कातडीत तिळाचा कॅन्सर बऱ्याचदा तिथेच उगवतो आणि मार लागलाय समजून राहून जातो. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. जाताना लावलेल्या औषधाची बाटली आणि जुना फोटो सोबत न्यावा. पार्लरमध्ये काढायचं असेल तर तेही आधी डॉक्टरांना दाखवून.